घागरीत दिवे, तांब्यात काड्या

आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय तृतीयेला, पाहुण्यांना जेवायला बोलावणार असाल तर आधी एक करा, जेवणाचा विचार डोक्यातून काढून टाका. मांडे, आमरस, रशी, भजी, कुरडया ही ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायकांची कामं. त्या करतील, घाम पुसत. तुमचं काम बाहेर, टेबलावर. टेबल असं मांडा की पाहुण्याला उंबऱ्यातच कळावं, आपण जेवायला नाही, प्रदर्शनाला आलो आहोत.

हे मी ऐकीव सांगत नाही. या आखाजीला जळगावात आमच्या भाचेसुनेकडे जाऊन आले. तिचा पंधरा दिवस आधी फोन, "मामी, यंदा सगळं नॅचरल. सगळं जुन्या वस्तूंचं. नवीन खर्च शून्य." मला बाई कौतुक वाटलं. आजकाल कोण काटकसर करतं? माझ्या आईची लाकडी काठवट मागितली तिनं, फळं ठेवायला. मी धुळ्याहून एसटीत मांडीवर घेऊन गेले. काठवटीचं पुढे सांगते, आत्ताच सांगितलं तर बाकीचे सल्ले राहून जातील.

वेळ रात्रीची ठेवा. घागर भरायची, आगारी टाकायची, म्हणजे पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकायचा, आणि दुपारी पंगत बसवायची, ही पद्धत झाली आपली. पण दुपारी दिव्यांच्या माळा दिसत नाहीत. म्हणून साडेनऊ. म्हातारी माणसं आठला डुलक्या घेऊ लागली तरी घेऊ द्या.

मधोमध काहीतरी रानातलं हवंच. त्यासाठी रानात जायची गरज नाही, मोबाईल आहे की. भाचेसुनेनं कापसाच्या बोंडांच्या काड्या मागवल्या होत्या. दहा काड्यांची जुडी, चारशे रुपये. (शून्य खर्चात हे कसं बसतं ते मी विचारलं नाही.) अहो, पऱ्हाटी! ज्या मुलखात उन्हाळ्यात बांधाबांधाला पऱ्हाट्यांचे ढीग लागलेले असतात, जिथे भरताची वांगी त्याच्यावरच भाजतात, तिथे पऱ्हाटी खोक्यातून, फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कुरिअरनं घरी आली. आमच्या नंदोईंची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, यावलकडे सात एकर जमीन आहे. त्यातली चार एकर कपाशी. ते त्या जुडीकडे असे बघत होते, जणू कोणी त्यांना त्यांचीच विहीर विकत दिली आहे.

कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं की हंगाम संपला की पऱ्हाट्या साठवून ठेवू नका, उरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. ते सांगणं शेतकऱ्यांसाठी असतं, सजावटवाल्यांसाठी थोडंच? जेवण निम्म्यावर आलं आणि एका बोंडातून एक अळी निघाली. काडीवरून उतरली, लुगड्याची जर ओलांडली आणि रशीच्या वाटीच्या काठावर येऊन थांबली. नंदोईंनी चष्मा कपाळावर सारून नीट पाहिलं. "हाई ते आपलीच बोंडअळी शे," म्हणाले, बस स्टँडवर गाववाला भेटल्यासारखे.

लुगडं म्हणजे आजेसासूचं. टेबलाच्या मधे पट्टा म्हणून ते अंथरा. रशी सांडली की रडायला नंतर भरपूर वेळ मिळतो.

केळीचं पान अवश्य घ्या. त्यावर जेवायचं नाही हं, खुळ्यासारखं. कात्रीनं गोल कापून चिनी मातीच्या प्लेटखाली सरकवायचं. पानाचा शेंडा डावीकडे की उजवीकडे हा वाद आपोआप मिटतो, शेंडा कचऱ्याच्या डब्यात असतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच जळगावात पानाला प्लेटखालची जागा मिळाली.

रंगासाठी कुंपणावरची कण्हेर. पान, फूल, साल सगळं विषारी, पण आमरसाच्या वाटीशेजारी गुलाबी उठून दिसतं.

तसंच गुंजा. उघड्या वाटीत ठेवा, घरात तीन वर्षांचं नातवंड असेल तर जरा खालच्या बाजूला.

आता पितळ. पितळेशिवाय जुनेपणा येत नाही. घरात असेल तर बघा, पण नसणारच. स्टील आलं तेव्हा आपल्याच घरच्या बायकांनी घंगाळं, कळश्या, पराती हातगाडीवर रचून भांडेवाल्याकडे नेल्या. त्यानं घट कापून मोड घेतली, बदल्यात चकचकीत डबे दिले, आणि त्या रात्री घरात केवढा आनंद! मी पाहिलेला आहे, मीही डबे मोजायला बसले होते. आता तेच घंगाळ जुन्या बाजारात शोधायचं. वजनावर गेलं, नगावर परत आलं.

तर आणलेलं भांडं चिंच लावून लख्ख घासा. बाहेरून. आत डोकावू नका. आत डोकावलं की कल्हई उडालेली दिसते, आणि कल्हई म्हणजे काय हे माहीत नसेल तर मग प्रश्नच नाही. दुपारी चारला त्यात आमरस काढा, पाटीभर आंब्यांचा, आणि साडेनऊपर्यंत झाकून ठेवा. पितळेत तांबं असतं आणि जस्त असतं. आंबट काहीही तासन् तास त्यात ठेवलं की ते तांबं सुटून पदार्थात उतरतं, पदार्थ कळकतो. हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ताक पितळेत ठेवायचं नाही हे आमच्या गल्लीतल्या चौथी नापास बाईलाही ठाऊक होतं. झाकण काढलं तर रसाला कडेनं हिरवट कड. जिभेवर टेकवला तर जुनं नाणं चोखल्यासारखी चव. मी म्हटलं, "अगं, रस कळकला." तर म्हणते कशी, "मामी, तो जुन्या भांड्याचा फ्लेवर आहे."

फ्लेवर! पहाटेपर्यंत त्या घरातल्या एकुलत्या एका संडासाबाहेर रांग होती, तो पण फ्लेवरच म्हणायचा.

आमच्या लहानपणी धुळ्यात गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा. जमिनीत छोटा खड्डा, चामड्याचा भाता, निखाऱ्यावर तापत ठेवलेलं पातेलं. त्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, नाका-घशात झोंबायचा, तरी आम्ही पोरं हलायचो नाही. मग कथलाची कांडी टेकवायची, आणि कापसाचा बोळा आतून असा गर्रकन फिरवायचा की काळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. हाच कापूस हो, जो तुम्ही चारशे रुपये देऊन फुलदाणीत खोचलात. तीन हजारांचं पातेलं आणता, त्याच्या कडेवर लिंबू चोळत व्हिडिओ काढता, आणि कल्हई कुठे करून मिळते एवढं कुणाला विचारवत नाही? शहरात माणूस नाही म्हणाल तर भांड्यांच्या गल्लीत जाऊन विचारलंत का एकदा तरी? आणि नसेलच करायची तर त्यात कांदे ठेवा, बटाटे ठेवा, रस स्टीलच्या पातेल्यात काढा! पण नाही. स्टील फोटोत...

असो. मी सल्ला देत होते.

मेणबत्त्यांसाठी भंगारवाल्याकडून काचेच्या बाटल्या आणा. लेबलं भिजवून काढली तरी चालतं. नंदोईंनी आकारावरून तीन ओळखल्या. मेणबत्ती लावली की पंखा बंद करायचा. ज्योत हलते ना. वैशाखातली रात्र, दिवसभर चव्वेचाळीस अंशांत भाजलेला स्लॅब डोक्यावर, खोलीत चौदा माणसं आणि नऊ मेणबत्त्या. माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मावशी पदरानं वारा घेऊ लागल्या तर त्यांना "मावशी, थोडा वेळ" म्हणून थांबवलं. थोडा वेळ म्हणजे फोटो होईपर्यंत. फोटो होईपर्यंत भजी मऊ पडली, कुरडया सादळल्या.

ताट ठेवायला जागा उरली असेल तर तुमच्या सजावटीत काहीतरी राहिलं आहे, पुन्हा बघा. आमच्याकडे काही राहिलं नव्हतं. नाश्त्याच्या बशीएवढी प्लेट, आणि खापरावरचा मांडा, जो घडी घातली तरी रुमालाएवढा असतो, तो तिन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी शेवटी प्लेट उचलून मांडीवर घेतली. "आमी जेवाले उनूत का देखाले?" असं हळूच म्हणाले. हळूच, कारण माणूस सज्जन.

शेवटची गोष्ट पाण्याच्या भांड्यांची. ती भरपूर हवीत, त्यानं टेबलाला भारदस्तपणा येतो. मी मोजली. तांब्या, चंबू, सुरई, फुलपात्रं सहा, आणि मातीची घागर. तांब्यात वाळक्या गवताच्या काड्या. चंबूत मोरपिसं. सुरईत बोगनवेल, काट्यांसकट. फुलपात्रांत रंगीत वाळू आणि त्यात एकेक पणती. घागरीत बारीक दिव्यांची माळ सोडलेली, तोंडातून पिवळा उजेड येत होता. दिसत छान होतं, खोटं कशाला बोलू.

नंदोईंना मांडा खाताना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, टेबलावर कुठे नव्हतं. "पानी कोठे शे वं?" त्यांनी तांब्या उचलला, काड्या गालाला टोचल्या. मग घागरीत हात घातला. वायर हाताला लागली. भाचेसून ओरडली, "बाबा, हात काढा, शॉक बसेल!" मी स्वयंपाकघरात पळाले आणि प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी आणलं.

ती घागर कुठली होती माहीत आहे? विकतचं एक मडकं होतं, डागाळल्यासारखं रंगवलेलं, पण ते ऐन वेळी तडकलं. म्हणून देवघरापुढची उचलली. आखाजीची घागर! नंदोईंनी सकाळी उन्हं चढायच्या आत कुंभाराकडे जाऊन, बोटाच्या टिचक्या मारून, आवाज ऐकून आणलेली. माझी नणंद, त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या नावानं भरली होती. वर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आंबा आणि सांजोरी ठेवली होती. दोन्ही हात जोडून बराच वेळ उभे होते ते तिच्यापुढे. रात्री आठ वाजता कोणीतरी ती घागर सिंकमध्ये ओतली, कोरडी पुसली आणि माळ सोडली. डांगर कापून काठवटीत मांडलं, सांजोरी तुटकी म्हणून बाजूला ठेवली.

त्यांनी हात बाहेर काढल्यावर घागर ओळखली. काही बोलले नाहीत. मांडा तसाच राहिला प्लेटमध्ये.

आता मला उपरोध जमत नाही, सरळ बोलते. वैशाखात घागर का भरतात हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला तोंड नाही का? या उन्हात जिवाला तहान लागते. गेलेल्याला लागत असेल म्हणून त्याच्या नावानं पाणी ठेवायचं, आणि ते जिवंत माणसानं प्यायचं. तुमच्या इमारतीत नळ चार दिवसांनी येतो, टँकरसाठी तुम्हीच भांडता, आणि भरलेली घागर नाल्यात ओतता? फोटोसाठी? कुंभाराशी दहा रुपयांवरून घासाघीस करता, तो घाम पुसत घागर देतो, आणि रंगवलेल्या मडक्याला हजार रुपये मोजताना हूं की चूं नाही. जुन्या वस्तू आवडतात म्हणता. जुन्या वस्तूंचा फोटो आवडतो तुम्हाला. केळीचं पान आवडतं तर त्यावर जेवा ना! तांब्या आवडतो तर पाणी भरा त्यात आणि द्या पाहुण्याच्या हातात. सासऱ्यांना ठसका लागलाय आणि तुम्हाला वायरची काळजी!

आणि काठवट. ती परवा परत आली. आतून-बाहेरून वार्निश मारून, तळाला चार रबरी बटणं चिकटवून. वर चिठ्ठी, "मामी, मेकओव्हर केला, सरप्राइज!" माझ्या आईनं चाळीस वर्षं त्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलं. तिच्या तळहाताच्या रेट्यानं एका बाजूला खोलगट झालं होतं ते लाकूड, तेवढ्यावरून ती कुठल्या हातानं मळायची ते कळायचं. आता पीठ घेतलं तर टर्पेंटाइनचा वास येतो. तीन दिवस झाले, पॉलिश पेपरनं घासते आहे. अजून तळ लागलेला नाही.

फोटो चांगला आला आहे म्हणे. मला पाठवला होता, त्यात मी कडेला आहे, पदर कपाळाला लावलेला.

पुढच्या आखाजीला बोलवाल तर मी येईन, नंदोईंसाठी येईन. घागर मी भरेन, तिला कोणी हात लावायचा नाही. काठवट मिळणार नाही. रस मी स्टीलच्या डब्यात घरून आणते. आणि मी दारातून आत यायच्या आधी तो पंखा लावा.