सासुरवाडी, फोर बाय फोर

माझा मेहुणा कोथरूडला राहतो आणि त्याच्याकडे फोर बाय फोर गाडी आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव दुःख. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा आहे. त्यावर टू-एच, फोर-एच, फोर-एल अशी अक्षरं: जोर दोन चाकांना, जोर चारही चाकांना, आणि चारही चाकांना पण संथ चालीने. पण कोरड्या डांबरावर त्याला हात लावायचा नाही. चारही चाकं जुंपली की पुढचा आणि मागचा आस एकाच वेगाने फिरू लागतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत चाक जरासं घसरून हा हिशोब मिटवतं. डांबरावर तो मिटत नाही आणि सगळा ताण गाडीच्या पोटात साठत जातो. म्हणजे कर्वे रस्त्यावर तो दांडा फक्त पुसायचा. महापालिकेने रस्ता खणला की मेहुण्याच्या डोळ्यांत आशा चमकते. पण आपल्या खड्ड्यांना फोर-एल लागत नाही, संयम लागतो, आणि तो गाडीबरोबर येत नाही.

दांड्याचं सार्थक व्हावं म्हणून कुंझुमची खिंड ठरली. हिमाचलात लाहौल आणि स्पितीच्या मध्ये, उंची ४,५५१ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. म्हणजे एकावर एक पावणेतीन कळसूबाई रचायच्या आणि त्यावर गाडी चढवायची. मी म्हटलं, "अरे, मित्रांबरोबर जा." तर म्हणाला, "भावोजी, मित्र येत नाहीत." हे ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं, पण तोवर हिने बॅगा भरायला घेतल्या होत्या. हिच्यामागोमाग सासूबाई तयार झाल्या. आणि सासूबाई निघाल्या म्हटल्यावर अण्णा.

आमचे सासरे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री झाले. खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक सोडले हे पेपरात यायच्या आत ते सांगतात, आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात. सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. गाडी इतकी उंच की त्यांना चढता येईना. मग घरातला शिसवी पाट गाडीत आला. तो खाली ठेवायचा, त्यांनी चढायचं, मी पाट उचलायचा. मनालीपर्यंत दोन हजारेक किलोमीटर जावयाने हे काम केलं. पाटावर बसायचा मान जावयाचा असतो असं मी ऐकलं होतं.

डॉक्टरांनी अण्णांना तपासून परवानगी दिली, वर हळूहळू चढा म्हणून बजावलं. त्याप्रमाणे मनालीपलीकडच्या सिस्सू गावात मुक्काम करून शरीरं सरावली. सिस्सूपर्यंत सगळं सभ्य आहे. २०२० साली सुरू झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत दिवे, बाहेर गुळगुळीत रस्ता. पुढे कोकसरवरून ग्रांफूला आलात की डांबर निरोप घेतं. तिथून बातलपर्यंत पन्नासेक किलोमीटर चंद्रा नदीच्या काठाने जायचं. नकाशात याला राष्ट्रीय महामार्ग ५०५ म्हणतात. प्रत्यक्षात तो गोट्यांचा साठा आहे.

मेहुण्याने दांडा फोर-एलमध्ये ओढला. खालून 'कट्' असा आवाज आला आणि पोराच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

इथे थोडी तांत्रिक माहिती देतो, कारण सगळं महाभारत तिच्यावरून झालं. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-एलमध्ये, गाडीचा वेग चालत्या माणसाइतका होतो आणि जोर दुपटीहून जास्त वाढतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून द्यायचा आणि इंजिनाला आपल्या चालीने चढू द्यायचं. क्लच अर्धवट दाबून ठेवला तर तो जळतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं नाही, अंगठे आत अडकवायचे नाहीत. दगडावर चाक आपटलं की ते गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. थोडक्यात, गाडी जे करते आहे ते करू द्यायचं आणि मध्ये मध्ये करायचं नाही.

आणि ही गाडी पुण्याहून आली होती.

"डावीकडून घे," अण्णा म्हणाले. "उजवीकडे दरी आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला सुचू दे जरा," असं सुचवून हिने पुढचे सगळे दगड एकेक करून दाखवले. मी काही बोललो नाही, फक्त पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून "आरामात, आरामात" म्हणत होतो. याला सल्ला म्हणत नाहीत, जप म्हणतात.

छोटा दड्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. वाळूमिश्रित खडीत जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. अशा वेळी त्याच्याखाली सपाट जाड फळी लागते. सगळ्यांनी एकदम पाटाकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "लग्नातला आहे तो." मग म्हणाल्या, "घ्या, पण पुसून ठेवा."

त्यात दुपार झाली आणि नाला आला. वरचं बर्फ ऊन चढेल तसं वितळतं, म्हणून सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. नाले भल्या पहाटे ओलांडावेत, असं मेहुणा आदल्या रात्री चारदा सांगत होता. पण सासूबाईंनी सकाळी सगळ्यांना उपमा खाऊ घातल्याशिवाय कुणाला गाडीत बसू दिलं नव्हतं.

अण्णा उतरले. स्वेटरची बाही वर केली, एक काटकी पाण्यात सोडली, घड्याळ बघितलं. "साठ-सत्तर क्युसेक," ते म्हणाले, "आणि वाढता विसर्ग." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विसर्ग खालून बघायला मिळत होता. खाली उभा राहून गाडीला खुणा करणारा माणूस एकच असावा, असा जगभरचा दंडक आहे. आमच्याकडे चार होते. अण्णा हाताने उजवी दाखवत होते, ही ओढणीने डावी, सासूबाई दोन्ही हात जोडून. मी मोठ्या दगडावर उभा राहून 'सरळ'ची खूण करत होतो, ती मेहुण्याला 'थांब' वाटली.

आमची बैठक रंगात आली असताना मागून हिमाचल परिवहनची बस आली. साधी बस, जोर फक्त मागच्या चाकांना, टपावर गाद्यांचे गठ्ठे, आत गाणी. ड्रायव्हरने वेग कमी केला, मला दगडावरून बाजूला व्हायची खूण केली आणि नाला पार करून निघूनही गेला. खिडकीतल्या एका आजीने आम्हाला हात केला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "त्यांना रोजची सवय आहे." आणि बसच्या चाकांचा गढूळ माग निवळायच्या आत मेहुण्याने त्याच मागावरून गाडी घातली. एकाच गिअरमध्ये, मध्ये न थांबता. नाकासमोर पाण्याची एक लाट ढकलत गाडी पलीकडे गेली. आम्ही मात्र अलीकडेच राहिलो होतो. मग तो आम्हाला न्यायला पुन्हा आला आणि पुन्हा गेला. इतका आनंदी तो लग्नातसुद्धा दिसला नव्हता.

बातलला राजमा-भात खाऊन खिंडीची वळणं सुरू केली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. त्याचा एक फायदा असा की सल्ल्यांची वाक्यं लहान झाली. "डावी..." एवढं म्हणून अण्णा श्वास घेत. अर्ध्या चढावर वरून एक पिकअप आली. "चढणाऱ्याला आधी वाट, नियम आहे!" असं बजावायला मेहुण्याने काच खाली केली. पण पिकअपवाला आधीच उलटा वर जाऊन कडेला उभा राहिला होता. भांडण तयार असून वापरायला मिळालं नाही, याची हळहळ त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

माथ्यावर कुंझुम देवीचं देऊळ आहे आणि गाड्यांसकट प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. "देवीला एक, गणपतीला तीन, शंकराला अर्धी," सासूबाईंनी दम लागलेला असतानाही स्पष्ट सांगितलं. मेहुण्याने दोन घातल्या. दुसरी दांड्यासाठी असावी.

उतारावर तर त्याने दोन्ही पाय पेडलवरून काढून घेतले. लो रेंजमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सारखा ब्रेक दाबला तर ब्रेक तापून निकामी होतात. हे त्याने लोसरपर्यंत तीनदा समजावलं. आम्हा चौघांना ते पटलंही होतं. तरीही काझाच्या हॉटेलात रात्री मलमाची डबी फिरली तेव्हा प्रत्येकाने उजवीच पोटरी चोळायला घेतली. ड्रायव्हर तेवढा आडवा पडून घोरत होता.