बिनसाखरेची थंडगार प्रतिष्ठा

ज्या मुंबईकर गृहस्थाला किंवा गृहिणीला मे महिन्यात घरच्या घरी फळे आणि दही यांच्या पॉपसिकल, म्हणजे काडीवर गोठवलेल्या कांड्या, करावयाच्या आहेत, त्यांनी सर्वप्रथम तसे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवावे. दही लावणे, फळे आणणे, साचे धुणे ही कामे नंतरची आहेत आणि त्यांतली काही राहून गेली तरी फारसे बिघडत नाही. मात्र घोषणा राहून गेली तर पुढचा सगळा खटाटोप केवळ पोरांना काहीतरी गार खायला देणे एवढ्यावरच येऊन थांबतो, आणि तेवढ्यासाठी कोणी शहाणा माणूस फ्रीझर रिकामा करत नाही.

घोषणेत चौपाटीवरच्या गोळ्याविषयी चार शब्द अवश्य असावेत. तो बर्फ कोठल्या पाण्याचा, तो कोणत्या गोणपाटात गुंडाळून आणला, त्यावर ओतलेला रंग कोणता, अशी प्रश्नांची मालिका लावावी. आपल्या बाजूने सरकारी आधारही आहे. २०१८ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे केले, जेणेकरून कारखान्यांसाठी आणि मासळी टिकवण्यासाठी केलेला बर्फ कोणाच्या सरबतात जाऊ नये. या नियमाचा उल्लेख गंभीर चेहऱ्याने करावा. नियमानुसार पांढऱ्या, म्हणजे खाण्याच्या, बर्फाचा गोळा करण्यास कोणतीही आडकाठी नाही, हा तपशील सांगण्याची आवश्यकता नाही.

यानंतर साहित्य. माळ्यावरच्या डब्यात आजीच्या काळातले ॲल्युमिनियमचे कुल्फीचे साचे असतील, तर ते तिथेच राहू द्यावेत. धातूमधून उष्णता भराभर बाहेर जाते, त्यामुळे मिश्रण लवकर गोठते, त्यातले बर्फाचे कण बारीक राहतात आणि कांडी मऊसर लागते. एवढे सगळे फुकटात मिळाले तर खरेदी कशाची करायची? म्हणून क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत जावे आणि जाड सिलिकॉनचा, शक्यतो अननसाच्या किंवा मांजराच्या पंजाच्या आकाराचा साचा घ्यावा. सिलिकॉन उष्णता सावकाश सोडते. शिवाय तो साचा मऊ असल्याने मिश्रण भरून उचलला की मध्येच वाकतो आणि पाव वाटी दही फ्रिजच्या दारावर सांडते, ज्यामुळे घरात काहीतरी घडते आहे हे सर्वांच्या लक्षात येते. स्टीलचे छोटे पेले किंवा कागदी कप वापरून, वर फॉइल ताणून, त्यात चीर पाडून काडी उभी करता येते, असे कोणी सुचवल्यास हसून विषय बदलावा.

फळांच्या निवडीत मुळीच काटकसर करू नये. ज्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याचा भाव विचारताना दादरच्या मंडईतही आवाज आपोआप खाली येतो, तोच घ्यावा. पेटीतला सर्वांत देखणा, देठाजवळ घमघमणारा आंबा निवडावा आणि तो चिरून थेट फ्रीझरच्या उणे १८ अंशांत टाकावा. फळाचा सुगंध नाकापर्यंत पोहोचायचा तर त्यातली वाफाळणारी द्रव्ये उडावी लागतात, आणि थंडीत ती उडत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण पैसे मोजले, तीच गोष्ट आपण स्वतःच्या हाताने बंद करतो. एरवी रस काढण्यासाठी ठेवलेला पायरी किंवा थोडा जास्त पिकलेला, डाग पडलेला आंबा या कामाला अधिक चांगला, कारण त्यात गोडी आणि रस दोन्ही भरपूर असतात. परंतु डागाळलेल्या आंब्याचा फोटो येत नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही मानांकन आहे, २०१० पासूनचे. तिचा हंगाम थंडीचा, आणि उन्हाळा तापू लागला की तो ओसरतो. म्हणून स्ट्रॉबेरीची कांडी मे महिन्याच्या अखेरीसच करावी. घोलवडच्या चिकूकडे किंवा पावसाच्या तोंडावर रस्तोरस्ती टोपल्यांत येणाऱ्या जांभळांकडे पाहू नये. जांभळाचा गर दह्यात मिसळला तर त्याला असा रंग येतो की कोणत्याही परदेशी फळाने लाजावे, आणि तुरटपणामुळे दह्याचा आंबटपणाही निभावून जातो, पण जांभळे कोणालाही मिळतात. त्याऐवजी विमानाने आलेल्या ब्लूबेरीची डबी आणावी, ती मोजून बारा कांड्यांत वाटावी आणि प्रत्येक दाणा साच्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून दाखवावा.

अननस, पपई आणि किवी ही फळे मात्र कच्चीच घालावीत, असा माझा खास आग्रह आहे. या तिन्हींत प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. अननसातले ब्रोमेलेन दह्याशी गाठ पडताच त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करू लागते आणि थोड्याच वेळात मिश्रण पातळ होऊन कडवट लागते. अननसाच्या फोडी थोड्या साखरेत पाच-दहा मिनिटे शिजवल्या तर हे विकर निकामी होते आणि प्रश्न मिटतो. तथापि शिजवलेले फळ म्हणजे मेलेले फळ, हे तत्त्व ज्यांनी एकदा स्वीकारले आहे त्यांनी कडवटपणाही स्वीकारावा आणि दोष दह्याच्या डब्यावरच्या कंपनीला द्यावा.

दह्याचे प्रकरण नाजूक आहे. मुंबईच्या उन्हाळ्यात विरजण लावण्यासाठी कोणालाही विशेष कौशल्य लागत नाही. सकाळी लावलेले दही दुपारी लागते आणि संध्याकाळपर्यंत दात आंबवते. अशा वेळी घरातली ज्येष्ठ मंडळी मलमलच्या फडक्यात दही बांधून नळाला टांगतात, चार तासांनी त्याचा चक्का होतो, निथळलेल्या पाण्याबरोबर आंबटपणाही थोडा जातो आणि उरते ते घट्ट, लोण्यासारखे मऊ दही. गोठल्यावर बर्फ होतो तो पाण्याचाच. पाणी कमी केले की बर्फाचे खडे कमी होतात, हे इतके उघड आहे की त्यावर कोणी व्हिडिओ केलेला दिसत नाही. आपण मात्र टांगण्याच्या भानगडीत पडू नये. त्याऐवजी ‘लो फॅट’ असे लिहिलेले दही आणावे. स्निग्धांश हा बर्फाच्या कणांना एकमेकांत गुंतू देत नाही, म्हणून पूर्ण साईच्या दह्याची कांडी दाताखाली सहज तुटते. स्निग्धांश काढला की ती तुटत नाही, दात तुटण्याची शक्यता तेवढी निर्माण होते.

आता मुख्य मुद्द्याकडे यावे लागेल, तो म्हणजे साखर. साखर पाण्यात विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. त्यामुळे फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही मिश्रणातले थोडे पाणी पाकाच्या रूपाने न गोठता राहते आणि तेच कांडीला चावण्यायोग्य ठेवते. दुसरे असे की थंड जिभेला गोडी कमी कळते, म्हणून वाटीत चाखताना किंचित जास्त गोड लागणारे मिश्रणच गोठल्यावर बेताचे लागते. या दोन कारणांमुळे चक्क्यासारखे घट्ट दही दोन वाट्या, पिकलेल्या फळाचा गर दीड वाटी, पिठीसाखर चार-पाच मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ, एवढ्यावर कोणाचीही कांडी बरी होते. नेमके हेच आपल्याला टाळावयाचे आहे. ‘मी साखर अजिबात घातली नाही’ हे वाक्य उच्चारता यावे यासाठीच तर एवढा प्रपंच मांडलेला असतो, आणि साखर न घातल्याचा एकमेव पुरावा म्हणजे ती कांडी कोणालाही खाता न येणे. जी कांडी सहज खाल्ली जाते, तिच्याबद्दल लोकांच्या मनात शंका राहते. ज्यांना तडजोड करावयाची आहे त्यांनी खजूर किंवा मध घालावा. त्यातही साखरच असते, परंतु तिच्याविषयी आदराने बोलता येते. दह्यातल्या उपकारक जिवाणूंचाही उल्लेख याच प्रसंगी करावा. गोठवल्यावर त्यांतले काही मरतात आणि उरलेले सुप्तावस्थेत जातात. जिभेवर विरघळेपर्यंत त्यांच्याकडून कसलीही हालचाल होत नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपणच बोलावे.

मिश्रण साच्यात काठोकाठ भरावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे रात्रीतून मिश्रण वर येऊन काड्या तिरक्या होतात, झाकण उचलले जाते आणि सकाळी साचा फ्रीझरच्या तळाला चिकटलेला सापडतो. बोटभर जागा सोडली असती तर हा प्रसंग आला नसता, पण मग पहाटे कलथा घेऊन फ्रीझर खरवडणारा माणूस घरच्यांना दिसला नसता.

फ्रीझरमध्ये जागा मिळवणे हे या विधीतले सर्वांत कठीण अंग आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते, आणि त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मासे खाणाऱ्या मराठी घरांतल्या फ्रीझरमध्ये सुरमई आणि पापलेट एकावर एक रचून ठेवलेले असतात. शेजारी हिवाळ्यात सोललेल्या मटारांची पिशवी आणि वर्षभर पुरवायचा आमरस असतो. ही सगळी जुनी कुळे आहेत आणि त्यांना उठवण्याचा अधिकार फक्त सासूबाईंना असतो. अशा वेळी त्यांच्याशी वाद न घालता साचा सुरमईच्या डोक्यावर उघडाच ठेवून द्यावा. दह्यातला स्निग्धांश आजूबाजूचे वास तत्परतेने शोषून घेतो, त्यामुळे स्ट्रॉबेरीला किनारपट्टीची एक छटा मिळते. दर अर्ध्या तासाने दार उघडून ‘झालं का’ ते पाहावे. आतले तापमान वर-खाली होत राहिले की बारीक कण वितळून पुन्हा मोठ्या कणांवर गोठतात आणि कांडीत खडीसाखरेसारखे खडे तयार होतात.

या ठिकाणी इतिहासाचा एक दाखला देऊन ठेवतो, कारण पाहुण्यांसमोर तो उपयोगी पडतो. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फ्रँक एपर्सन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने सरबताचा पेला ढवळण्याच्या काडीसह रात्रभर बाहेर विसरून ठेवला, सकाळी तो गोठलेला सापडला, आणि १९२४ साली त्याने त्याचे पेटंट मिळवले. हा प्रयोग मुंबईत जसाच्या तसा करू नये. मुंबईतले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि तेही जानेवारी १९६२ मधले. गॅलरीत रात्रभर ठेवलेल्या सरबताच्या पेल्यात या शहरात सकाळी फक्त मुंग्या सापडतात. आमच्याकडे बर्फ आणि खडे मीठ भरलेल्या पिंपात हाताने दांडा फिरवून पॉटचे आइस्क्रीम करत असत. मीठ घातलेला बर्फ उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतो, म्हणजे आजच्या फ्रीझरपेक्षाही खाली. त्या उद्योगात सगळ्या वाडीला दांडा फिरवावा लागे आणि शेवटी सगळ्या वाडीला वाटावे लागे. आपली पद्धत त्या मानाने सुटसुटीत आहे.

कांडी साच्यातून काढताना साचा पाच-दहा सेकंद साध्या पाण्यात धरला की ती अलगद सुटते, असे म्हणतात. आपण काडी धरून जोरात ओढावी. हातात काडी येईल आणि कांडी आत राहील. तेवढ्यात कोणी आत आले तर ‘अजून सेट होते आहे’ असे सांगावे. अखंड निघालेली एखादी कांडी मात्र कोणालाही हात लावू न देता फोटोसाठी राखून ठेवावी. प्रकाश गॅलरीत चांगला असतो आणि अडचण तिथूनच सुरू होते. १८३३ साली बॉस्टनहून निघालेल्या ‘टस्कनी’ नावाच्या शिडाच्या जहाजातला सुमारे १८० टन बर्फ दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी कोलकात्याला पोहोचला, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शाबूत होता. आपली कांडी स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत जाते तोवर तिच्यावर मुंबईची दमट हवा आधी पांढरे धुके धरते, मग त्याचे पाणी होते, आणि पुदिन्याचे पान नीट ठेवेपर्यंत ब्लूबेरीचा दाणा घसरून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतो. तरीही फोटो काढावा. खाली ‘घरचं, शुद्ध, मुलांना फार आवडलं’ असे लिहून टाकावे. मुले त्या वेळी गेटाबाहेर गोळेवाल्याची वाट पाहत असली तरी हे विधान पुढेमागे खरे ठरू शकते.

उरलेल्या कांड्यांचे काय करावे, हा प्रश्न साधारण तिसऱ्या दिवशी उभा राहतो, कारण तोवर सासूबाईंना पापलेटांची आणखी एक खेप ठेवायची असते. काही लोक त्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना देतात आणि दातृत्वाचे समाधान मिळवतात. मावशींना संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने कल्याणपलीकडे जायचे असते, एवढाच त्यातला अडसर. त्याहून बरा मार्ग असा की सगळ्या कांड्या एका पातेल्यात वितळू द्याव्यात, काड्या वेचून काढाव्यात, त्यात घरातल्या कोणाचे लक्ष नसताना वाटीभर साखर, जायफळ आणि थोडे दूध घालून मिक्सरमधून फिरवावे. जे तयार होते ते पियूषाच्या फार जवळचे असते आणि घरातले सगळे ते उभ्या उभ्या संपवतात. पाहुण्यांना मात्र ती बिनसाखरेची फ्रूट-योगर्ट स्मूदी आहे असे सांगावे, आणि त्यासाठी रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या व पट्ट्यापट्ट्यांच्या कागदी नळ्या तेवढ्या नव्याने आणाव्या लागतील.