इंजिनचा काटा मध्ये म्हणजे गिअरबॉक्स थंड, हे चुकीचं आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, इंजिनच्या तापमानाचा काटा मध्ये असला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही ठीकच, आणि गिअरबॉक्स ऑइलचं तापमान दाखवणारा गेज लावायचाच तर ऑइल कूलरच्या रिटर्न पाइपवर लावा म्हणे. दोन्ही चूक. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, गिअरबॉक्सच्या ऑइलचा त्याच्याशी थेट संबंध नाही. घाटात भरलेली गाडी हळूहळू चढते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, आत ऑइल घुसळत राहतं आणि तापतं, काटा मात्र जागचा हलत नाही. मागच्या पावसाळ्यात आंबेनळी घाटात माझ्या गाडीचं ऑइल ११८ डिग्रीला गेलं, कूलंटचा काटा बरोब्बर मध्ये!

रिटर्न पाइपवर तर कूलरमधून थंड होऊन आलेलं ऑइल असतं, तिथे आकडा कमीच दिसणार. सेन्सर पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या भांड्यात बसवा, तिथलं ऑइल पंप ओढतो, साधारण ८० ते ९५ नॉर्मल, १२० च्या वर राहायला लागलं की ऑइल लवकर खराब होतं, लालचं तपकिरी होतं, जळका वास येतो. आणि पॅनला भोक पाडायच्या आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघा, बऱ्याच गाड्यांत सेन्सर आधीपासूनच असतो.