तिफणीतला 'ति' तिरक्याचा नाही, तीनाचाच

नमस्कार. तिफण म्हणजे पेरणीचं औजार आणि फण म्हणजे त्याचे जमिनीत तास (ओळ) पाडणारे दात. 'तिफण म्हणजे तीन फणांची' हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं, की फण दिंडात (औजाराच्या आडव्या लाकडात) तिरके बसवतात म्हणून आधी 'तिरफण', मग 'र' गळून तिफण. शिवाय तुमच्याकडं चार फणांच्या औजारालाही तिफणच म्हणतात, मग तीन आले कुठून?

दुसरा मुद्दा खरा आहे आणि तो लेखात यायलाच हवा होता. मराठवाड्यात पेरणी म्हटलं की तिफण, इतकं ते नाव रुळलं, की फण किती ते कुणी मोजत बसत नाही. पण त्यानं मूळ बदलत नाही.

फण तिरके असतात हेही खरंच. पण दोन फणांच्या दुफणीचे आणि चार फणांच्या चौफणीचे फणही तिरकेच असतात. नाव तिरकेपणावरून पडलं असतं, तर तिन्ही औजारांना एकच नाव पुरलं असतं. दुफण, तिफण, चौफण ही सरळ मोजणी आहे. मराठीत जोडशब्द करताना दोनचा दु, तीनचा ति, चारचा चौ होतो: दुप्पट, तिप्पट, चौपट. सुटा 'तीन' संस्कृत 'त्रीणि'पासून प्राकृत 'तिण्णि'वरून आला. जोडशब्दातला 'ति' मात्र 'त्रि'तला र जाऊन उरलेला. तिवई, तिपेडी, तिहेरी यांत तोच आहे. अर्थात 'ति' दिसला की तीन, असंही नाही. तिखट तीक्ष्णपासून आलं आणि तुमचं तिरकं तिर्यकपासून. त्यांचा तीनशी संबंध नाही.

आता तीनचं काम पाहा. वर चाडं, म्हणजे बी सोडायचं वाटीसारखं पात्र, त्याला तीन भोकं, खाली तीन नळे, प्रत्येक नळा आपापल्या फणामागं उतरतो. चाड्यावर मूठ धरणारीच्या बोटांतून बी तिन्ही भोकांत सारखं सुटावं लागतं. रान ओलं असलं, की काळी माती नळ्याच्या खालच्या तोंडात बसते, नळा बुजतो आणि बी चाड्यात तुंबतं. लक्ष गेलं नाही तर धुऱ्यापर्यंत (शेताच्या कडेच्या बांधापर्यंत) एक तास रिकामं जातं. म्हणून दर फेरीला वळताना नळे झटकून पाहायचे. एखादा फण दिंडात ढिला असेल तर ते तास वरवर पेरलं जातं. पाचर ठोकून घ्यावी.

दोन फणांत ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर एका फेरीत १३५ सेंटिमीटर पट्टा पेरून होतो. परत येताना कडेचा फण शेवटच्या तासापासून बरोबर ४५ सेंटिमीटरवर धरायचा. दोन फेऱ्यांमधला हा सांधा चुकला तर दोष कोळपणीला (ओळींमधलं तण काढताना) उघडा पडतो: कोळपं सांध्यावर आलं की पीकच कापतं. म्हणून जाणते लोक कोळपंही पेरणीच्या फेरीनुसारच घालतात. ज्वारीत तूर ३:३ (तीन ओळी ज्वारी, तीन ओळी तूर) घ्यायची तर एक फेरी ज्वारीची, एक तुरीची. वेगळा हिशेब लागत नाही. चौफणीनं हेच करायचं तर एक नळा बंद करावा लागतो.

राहिलं 'तिफन' की 'तिफण'. बोलताना ण चा न होतो, दोन्ही चालतात. लेखात मी ण ठेवला, कारण फण, फणी, नागाचा फणा हे सगळे त्यात ऐकू येतात.