खाडी राखायची तर कोळ्याला सोबत घ्या

ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं 2015 साली. साधारण 1,690 हेक्टर. निम्म्याहून जास्त तिवरं म्हणजे खारफुटी, बाकीचं पाणी. 2022 मध्ये रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता. मला या दोन्हींचा मनापासून आनंद आहे. आमचं घर ऐरोलीच्या कोळीवाड्यातलं. पहिल्या पावसात गाबोळीने म्हणजे अंड्यांनी भरलेली चिवणी मासळी खाडीत चढते, कोळंबीची पिल्लं तिवरांच्या मुळाशी वाढतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. खाडी मेली तर पहिली चूल आमची विझणार.

म्हणून "पक्षी वाचवायचे की मच्छीमार" असं कुणी विचारलं की मला राग येतो. हे भांडण मुळात आमचं नाहीच.

आमच्याकडे ओहोटीला जाळं उचललं की आधी पिशव्या निघतात. दुधाच्या, वेफर्सच्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. काकी पाटीत हात घालून कोळंबी निवडत बसते तेव्हा तिच्या बोटांना थर्माकोलचे मणी चिकटलेले असतात. एका काठाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, समोर कांजूर आणि देवनारचे कचऱ्याचे डोंगर, आणि दोन्हीकडच्या शहरांचं सांडपाणी. या सगळ्याला आवर घालणं कठीण, महागडं. त्यामानाने होडीवाल्याला "इथे जाळं टाकू नकोस" म्हणणं फार सोपं. संवर्धनाचा भार नेहमी सगळ्यात दुबळ्या खांद्यावर पडतो तो असा.

कायदा मात्र असं सांगत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 26अ वाचा. अभयारण्यात सागरी हद्दीतलं पाणी घ्यायचं असेल, तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखण्याचे पुरेसे उपाय करूनच सीमा ठरवायची, असं त्यात लिहिलंय. खाडीच्या बाबतीतही हेच तत्त्व का नको? 2021 मध्ये वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा पारंपरिक हक्क मान्य करून सरकारला भरपाईचं धोरण आखायला सांगितलं. त्यासाठीही मच्छीमार संस्थेला कोर्टाची पायरी चढावी लागलीच.

सगळ्या मच्छीमारांना एकाच मापाने मोजा, असं मी अजिबात म्हणत नाही. पर्ससीनवाले, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून ते आवळणारे, आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करणारे समुद्र अक्षरशः खरवडतात. एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली, राज्याने 2021 मध्ये दंड वाढवले. तिथे कडक व्हा, गस्त वाढवा, आम्ही टाळ्या वाजवू. पण खाडीत वल्ह्यावर जाणारी होडी आणि पर्ससीनचा ताफा यांना एकच नियम लावणं हा अन्याय आहे. पावसाळ्यातल्या बंदीतही यांत्रिक नौका आणि बिगरयांत्रिक होडी यांच्यात फरक केला जातोच ना?

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच चर्चेत येत नाही. गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या, खेकडे काढणाऱ्या बायकांकडे ना होडी, ना परवाना. नुकसानभरपाईची यादी कागदावरून होणार असेल तर त्या त्यात येणारच कशा?

तेव्हा खाडीच्या संवर्धन आराखड्याचं काम जेव्हा जेव्हा होईल तेव्हा दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे इथल्या मच्छीमार सोसायट्यांना त्यात मताच्या हक्कासह जागा द्या. मसुदा मराठीत द्या. या बायकांची नावं कोळीवाड्यात येऊन नोंदवा. आणि बैठक भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत ठेवा. उधाणाला, मोठ्या भरतीच्या दिवसांत, आमची माणसं पाण्यात असतात.