एन वीस एक्स बारा

काल संध्याकाळपासून उजव्या हाताचं मधलं बोट ठणकतंय आणि कारण घरी सांगायची सोय नाही, कारण "माझं सगळं काम कॉम्प्युटरवर" असं सांगत गेली अकरा वर्षं मिरवलंय.

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका पार्टीच्या प्लेटचं ड्रॉइंग होतं, भोकंच भोकं. आधी मी सरळ अक्षरात डाया (व्यास), डीप (खोली), सी-बोअर (काउंटरबोअर, बोल्टचं डोकं बसायला भोकाच्या तोंडाशी केलेली रुंद जागा) लिहून द्यायचो, कुणाचं काही अडायचं नाही. मग पार्टीकडं नवा क्वालिटीवाला आला, त्यानं लाल पेन मारला, म्हणे सिम्बॉल पाहिजेत. व्यासाला तिरकी रेघ मारलेला गोल, खोलीला आडव्या रेघेखाली बाण, काउंटरबोअरला ती चौकोनी वाटी. दिले. साडेपाचला शंभर फुटी रोडवरच्या दुकानात पेनड्राईव्ह दिला, सहाला पार्टीचा माणूस शीट घ्यायला येणार होता. पीडीएफ का नेली नाही असं विचारणाऱ्यांनी आधी त्या दुकानदाराला भेटून यावं. मागच्या खेपेला पीडीएफच नेलेली, तर "लायनी बारीक येत्यात सर, मूळ फाईल आणत जावा" हे त्यानंच ऐकवलं होतं. त्याच्याकडं कॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, म्हणून जे काही आहे ते कुठलं आणि कधीचं, ते विचारायचं नसतं.

ए-वन साइजची शीट बाहेर आली. सगळ्या भोकांवर एन २० एक्स १२.

आता हे काय होतं ते सांगतो. ही चिन्हं टाईप करताना चिन्हं नसतातच. जीडीटी नावाचा एक फॉन्ट असतो, त्यात स्मॉल एनच्या जागी व्यास बसवलाय, व्हीच्या जागी काउंटरबोअर, एक्सच्या जागी खोली. आपण एन दाबायचा, वर गोल दिसतो. फॉन्ट मशिनवर आहे तोवर थाट, फॉन्ट नसला की आतला एन उघडा, म्हणजे यात्रेतल्या नाटकातला अफझलखान विंगेत बिडी ओढताना दिसावा तसं. वर एक्स म्हणजे गुणिले. व्यास वीस, खोली बारा असं लिहिलेलं, आणि मशिनवरचा पोरगा वाचणार वीस बाय बारा, चौकोनी खाच पाडून मोकळा. प्लेट भंगारात, नाव माझं.

"आमच्यात असंच येतंय सर," दुकानातला पोरगा मोबाईलवरनं मान वर न करता म्हणाला.

म्हटलं सरक. व्यासाचं सोपं असतं, दोनदा पर्सेंट आणि पुढं सी. डिग्रीला डी, प्लस-मायनसला पी, हे ऑटोकॅड शिकणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात पाठ होतं. पण खोलीला आणि वाटीला असला मंत्रच नाही. मग नेटवर शोधाशोध. तिथं तर व्यासासारखीच दिसणारी तीन चिन्हं निघतात, एक खरं व्यासाचं, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, २३००, एक नॉर्वे-डेन्मार्कच्या बाराखडीतलं अक्षर, आणि एक २२०५, रिक्त संच, शाळेतला. ऑटोकॅडच्या मदतीच्या पानावर व्यासाला नंबर दिलाय तो या २२०५चा, म्हणजे इतकी वर्षं मी लोकांच्या भोकांवर 'आत काहीही नाही' असं लिहीत होतो, जे एका अर्थी बरोबरच आहे. शिवाय आंद्रे वेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं ते रिक्त संचाचं चिन्ह नॉर्वेच्या त्या अक्षरावरनंच उचललेलं, हेही तिथंच उभ्या उभ्या वाचलं. सहाला दहा कमी होते.

खोलीचं आणि वाटीचं चिन्ह कॉपी केलं, सगळीकडं चिकटवलं, दुसरी शीट काढली. व्यास आले. बाकी सगळीकडं प्रश्नचिन्ह. त्या दुकानातल्या काडीकाडीच्या, एसएचएक्स जातीच्या, फॉन्टला ही चिन्हं ठाऊकच नव्हती, आणि फॉन्टला ठाऊक नसलं की तो आपल्यालाच विचारतो.

"एवढं कुणाला इचारलाय वो?"

मागं एक काका. पांढरा पायजमा, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला मोडीतला कागद, त्याची झेरॉक्स पाहिजे होती. माझ्या शीटवर पूर्ण वाकलेले.

"विचारलं नाही काका, फॉन्ट नाहीये."

"काय न्हाई?"

"अक्षरं. या मशिनकडं ती अक्षरं नाहीत."

"तुमास्नी येत्यात का?"

"येतात की."

"मग झालं." आणि मशिनकडं बघून, "ह्येला न्हाई येत."

इथं थांबायला काय हरकत होती? पण नाही. काकांनी आधी विचारलं विहिरीचा नकाशा हाय का. नाही म्हटलं. मग बोअरचा? लोखंडी प्लेटचा म्हटल्यावर म्हणाले लोखंडाला कागूद कशाला लागतोय, आणि खिशातनं फोन काढला. पुण्याला पुतण्या हाय, काम्पुटरमदी. मी नको नको म्हणेपर्यंत स्पीकरवर घंटी वाजायला लागलेली.

"आरं सच्या, हितं एका सायबाच्या नकाशात सगळी प्रश्नं पडल्यात."

"कुठं हायसा काका?"

"झेराक्सला. बोल सायबाशी."

मी बोललो. काय करणार, दुकानात चार गिऱ्हाईकं झालेली, सगळी ऐकायला उभी. एसएचएक्स, जीडीटी, युनिकोड, सगळं सांगितलं, तिकडं शांतता. मग सच्या म्हणाला, "सर, रीस्टार्ट करून बघितलं का?"

मी विचारलं तुम्ही नक्की कशात आहात. तर लोनच्या रिकव्हरीच्या कॉल सेंटरला. "पन दिवसभर काम्पुटरच असतोय म्होरं," काका म्हणाले. आणि माझं अजून डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीनं, की दुकानातल्या पोरानं, ज्यानं मी सांगितलेलं एक अक्षर ऐकलं नव्हतं, त्यानं सच्याचं ऐकून खरंच मशिन रीस्टार्ट केलं. सहा मिनिटं गेली. प्रश्नचिन्हं जागच्या जागी.

"आता हातानंच काढा," काका म्हणाले. "आमच्या आज्ज्याचा ह्यो आख्खा कागूद हातानं काढलाय. बगा, कुठं प्रश्न हाय का?"

नव्हता. मला तरी एकही अक्षर वाचता आलं नाही, त्यांनाही येत नव्हतं, सांगलीत वाचणारा कोण आहे ते त्यांनी मला विचारलं. मोडी युनिकोडमध्ये आलीय २०१४ सालीच, पण हे त्यांना सांगून सच्याला परत फोन लागला असता.

काउंटरवरचं काळं पेन घेतलं. सेहेचाळीस जागा. प्रश्नचिन्हावर व्हाइटनर, तो वाळेपर्यंत फुंकर, मग आडवी रेघ, खाली बाण, पुढची वाटी. त्या वाटीची उजवी भिंत प्रत्येक वेळी बाहेर कलायची. काका शीटचं टोक धरून उभे, "ह्यो वाकडा झाला", "ह्यो बरा". विसाव्यानंतर त्यांनी माझ्या हातातनं पेन काढून घेतलं आणि तीन वाट्या काढल्या. तिन्ही सरळ. पार्टीचा माणूस दारात हॉर्न वाजवत होता.

साध्या रेघांनी चिन्ह काढून, त्याचा ब्लॉक, म्हणजे एकच गठ्ठा, करून सगळीकडं कॉपी मारता आलं असतं, दोन मिनिटांचं काम, फॉन्टचा संबंधच नाही. हे मला रात्री अंथरुणात सुचलं. उठून बसलो. बायको म्हणाली काय झालं, म्हटलं बोट दुखतंय.

दुकानदारानं दोन्ही शीटचे पैसे घेतले. पहिली चुकीची होती म्हटलं, तर म्हणाला शाई तर लागलीच की. व्हाइटनरचे दहा वेगळे. काकांची झेरॉक्स फुकट.