वाण म्हातारा झाला की बेणं?

शिरोळच्या दादांना,

को ८६०३२ या उसाच्या वाणावरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: को ८६०३२ आता म्हातारा झालाय, क्षारपड रानात तो उठत नाही, तिथे फुले २६५ हाच वाण पाहिजे. संशोधन केंद्रवाल्यांना आपल्या मातीचं काही पडलेलं नाही, तेव्हा शेतकऱ्यानं आपल्याच फडातला जाडजूड ऊस निवडून बेण्याला, म्हणजे लागवडीच्या कांड्यांसाठी, ठेवावा.

क्षारपडीचं शंभर टक्के मान्य. लेख लिहिताना माझ्या डोळ्यासमोर करवीर-पन्हाळ्याकडची निचऱ्याची रानं होती आणि ते मी कुठं स्पष्ट लिहिलं नाही. ही माझी चूक. पांढरं फुललेल्या जमिनीत २६५ जसा तग धरतो तसा ८६०३२ धरत नाही.

पण दादा, हा २६५ आला कुठून? ज्यांच्यावर तुम्ही रागावलाय त्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातूनच. को म्हणजे कोइमतूर, आणि ८६०३२ मधले ८६ म्हणजे १९८६ साल. त्या साली क्रमांक मिळालेला ऊस महाराष्ट्रात लागवडीला शिफारस झाला १९९६ मध्ये. २६५ चं पूर्ण नाव कोएम ०२६५. क्रमांक २००२ चा, प्रसारण २००७ चं. मधली वर्षं जातात ती निवडीत. कोइमतूरला उसाच्या तुऱ्यात रुजणारं बी धरतं. त्या बियांतून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं, आईसारखं नाही की बापासारखं नाही. अशा हजारो रोपांतून फुटवे, जाडी, साखर, काणी-तांबेऱ्यासारखे रोग, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) बघत बघत एखादंच शेवटपर्यंत टिकतं.

तुमच्या निवडीची अडचण इथंच आहे. आपण ऊस कांडीनं लावतो, म्हणजे सगळा फड एकाच उसाची नक्कल. बांधाकडेचा ऊस जाड दिसतो तो उजेड आणि खत जास्त मिळाल्यामुळं. त्याची कांडी मधल्या सरीत लावा, तो पुन्हा बाकीच्यांसारखाच होणार.

मग ८६०३२ बारीक का पडला? आमच्या खालच्या वावरात हेच झालं होतं. खोडवा मनगटाएवढा असायचा तो अंगठ्यावर आला. शेजारी म्हणाले, वाण गेला. मी बुडख्याकडची चार कांडी विळ्यानं उभी चिरली. बाहेरून ऊस स्वच्छ, पण पेऱ्यापाशी आत टाचणी टोचल्यासारखे तांबूस ठिपके. खोडवा खुरटण्याचा रोग. तो बेण्यातून येतो आणि तोडणीच्या कोयत्यावरून पुढच्या उसात जातो. आम्ही ९ वर्षं घरचंच बेणं फिरवत होतो. गवताळ वाढ या रोगाचंही तसंच, तोही बेण्याबरोबर घरात येतो. म्हणून मूलभूत बेण्याला ५४ अंशांवर अडीच तास उष्ण बाष्पाची प्रक्रिया देतात, त्यापासून पायाभूत बेणं वाढवतात, मग त्यातून शेतकऱ्यासाठी प्रमाणित. आम्ही ५ गुंठ्यांत पायाभूत बेणं लावलं, पुढच्या वर्षी तेच सगळ्या वावरात पसरलं. वाण तोच, जाडी परत आली.

एका बाबतीत मात्र तुमचा राग मला पटतो. २६५ ला साखर उशिरा भरते म्हणून आमच्याकडच्या एका कारखान्यानं तोड मागं मागं ढकलली, ऊस उन्हात वाळला आणि तोटा आमच्या वजनात निघाला. दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, आणि बिल होतं टनावर. शेतकऱ्याला वजन हवं, कारखान्याला साखर. वाण निवडणारा या दोघांच्या मध्ये उभा असतो. गुऱ्हाळवाल्याची मागणी तर तिसरीच, त्याला ढेपेचा रंग आणि कडकपणा पाहिजे. त्यासाठी कोल्हापूरच्या ऊस व गूळ केंद्रानं को ९२००५ पुढं आणला, तोही आपल्या जादा पावसाच्या पट्ट्यात तपासून. मातीचं पडलेलं नाही असं म्हणू नका.

आणि सगळं रान २६५ खाली आणू नका, ही कळकळीची विनंती. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणानं भरभरून दिलं, म्हणून मैलोन् मैल तोच लावला गेला. लाल कूज हा रोग आला तेव्हा अख्खे फड वाळले.

आता मला एवढं सांगा: तुमच्या वरच्या निचऱ्याच्या रानात जो ८६०३२ आहे, त्याचं बेणं बाहेरून शेवटचं कोणत्या साली आणलं होतं?